लाईट गेली की रास्पबेरी पायचं कार्ड का बिघडतं?

रास्पबेरी पायवर प्रोजेक्ट करताय? मग लाईट गेल्यावर पाय पुन्हा सुरूच न होण्याची वेळ कधीतरी येऊ शकते. बोर्ड बहुधा ठणठणीत असतो. बिघडलेली असते एसडी कार्डवरची फाइल सिस्टीम.

असं का होतं? फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्यामुळे छोट्या बदलासाठीही कार्ड आतल्या आत बराच डेटा हलवतं. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर ज्यांना हातही लावला नव्हता त्या फाइलीसुद्धा खराब होऊ शकतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टीमचं जर्नल अर्धवट राहिलेल्या नोंदी सावरतं, पण कार्डच्या आतला गोंधळ त्याला दिसत नाही.

मी सुचवेन तो उपाय सोपा आहे: कार्डवर लिहायचंच नाही! रास्पी-कॉन्फिगमध्ये ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मधून ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करा. आता सगळे बदल रॅममध्ये होतील आणि रीस्टार्ट केल्यावर पुसले जातील. म्हणून जपायचा डेटा वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि अपडेट करण्यापुरतं ओव्हरले बंद करा.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही सिस्टीमचा भाग असाच, फक्त वाचण्यापुरता ठेवलेला असतो. बॅटरी अचानक संपली तरी फोन पुन्हा सुरू होतो, त्यामागे हेही एक कारण आहे.