किरणांची भीती नेमकी कुठे धरावी?



उडदाचे टीएयू-१ हे वाण आपल्याकडे जुने आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व मुंबईचे भाभा अणु संशोधन केंद्र यांनी मिळून ते १९८५ साली दिले. किरणांनी गुण बदललेल्या उडदापासून ते तयार झाले, एवढे सांगितले की बैठकीत कोणीतरी विचारतोच, "साहेब, ह्या बियाण्यात किरणं त नाहीत ना?" नाहीत. किरण बियातून आरपार जातात, बियात साठून राहत नाहीत. शिवाय आपण पेरतो ते त्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचे बी. बिनधास्त पेरा.

पण अशाच एका बैठकीत एकाने सहज सांगितले, "माहा पोरगा ठेकेदारासंगं परजिल्ह्यात बॉयलरच्या कामावर हाये. रात्री नळ्याइचे फोटो काढतात, थो दोरी बांधाले असते." मी विचारले, छातीला बिल्ला लावतो का? "थो कायचा?" बियाण्याला भिणारा हा बाप तिथे मात्र निर्धास्त होता.

आपल्या तालुक्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. बॉयलर, वेल्डिंग हे शब्द आपल्या पोरांना नवे नाहीत. वेल्डिंगचा सांधा आतून पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी बहुधा इरिडियम-१९२ चे गॅमा किरण वापरतात. तो स्रोत असतो एवढासा, पण ठेवतात जड धातूच्या पेटीत. त्या पेटीलाच 'कॅमेरा' म्हणतात. स्रोत बाहेर काढला की किरण सुरू. ते दिसत नाहीत, वास नाही, चटकाही लगेच बसत नाही. म्हणून रात्री, माणसे हटवून, दोरी व लाल दिवा लावून हे काम करायचे असते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. दोरी दूर बांधण्याचे कारण हेच.

यासाठी देशात कायदा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि २००४ साली केंद्र सरकारने किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम केले. १८ वर्षांखालील मुलाला या कामावर कामगार म्हणून घेता येत नाही. कामगाराला प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला देणे ही मालकाची जबाबदारी. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही, अशी कामगाराची मर्यादा आहे. साध्या नागरिकासाठी ती १ आहे. दोरी धरायला नेलेल्या पोराला बिल्लाही नाही, प्रशिक्षणही नाही, तर तो कामगार कोणत्या हिशोबाने? बिल्ला म्हणजे तावीज नव्हे, हेही सांगतो. तो किरण अडवत नाही, फक्त नोंद ठेवतो. पण उद्या आजार निघाला तर तीच नोंद पोराच्या हातात राहील.

भंगाराचेही तेच. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने विकलेले जुने यंत्र फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. सात जण बाधित झाले, एक मजूर दगावला. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी एक खूण ध्यानात ठेवावी : पिवळ्या पाटीवर तीन पात्यांच्या पंख्यासारखे चिन्ह. अशी पेटी किंवा डबा कुठे सापडला तर हात लावू देऊ नका, लोकांना लांब ठेवा, पोलिसांना कळवा.

त्या शेतकऱ्याला मी म्हटले, पोराला बिल्ला मागायला सांग. तो म्हणाला, "मांगला त हजेरी जाईन." खरे आहे, एकट्याची जाते. म्हणून चार-पाच जणांनी मिळून मागावा. साइटवर किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी कोण, हे आधी विचारावे. त्यानेही दाद दिली नाही तर नियामक मंडळाला पत्र टाकावे. पत्ता : अणुशक्तीनगर, मुंबई. पत्र लिहायला अडचण असेल तर ग्रामसेवकाने लिहून द्यावे. बाहेरगावी जाणाऱ्या पोरांची नावे, ठेकेदाराचा पत्ता आणि कामाचे ठिकाण ग्रामपंचायतीत आधीच टिपून ठेवले, तर त्या पत्रात काय लिहायचे ते शोधत बसावे लागणार नाही.