उजेड पडला, पण कुठून?

प्रयोगशाळेत पाहुणे आले की आमच्याकडे दाखवायला एक हमखास गोष्ट असायची. दोन परीक्षानळ्या, दोन्हींत रुथेनियमच्या संकुलाचं तेच फिकट नारिंगी द्रावण. एकीत डीएनएचे थेंब सोडायचे, खोलीतले दिवे मालवायचे आणि अतिनील दिवा समोर धरायचा. एक नळी काळोखी, दुसरी लालसर नारिंगी पेटलेली. पाहुणे खूश होऊन जायचे. खरे वाद ते गेल्यावर सुरू व्हायचे. हे संकुल डीएनएला चिकटलं, हे कुणीही मान्य करेल. पण कुठे चिकटलं?

हा चमत्कार जगासमोर आला 1990 साली. फ्रीडमन, शांब्रों, सोवाज, टुरो आणि जॅकलिन बार्टन यांनी तो एका छोट्या लेखात मांडला. त्यातले सोवाज म्हणजे पुढे 2016 मध्ये रेण्वीय यंत्रांसाठी नोबेल मिळवणारे ज्याँ-पिएर सोवाज. रुथेनियमला जोडलेला ‘डीपीपीझेड’ हा लांब, सपाट लिगँड त्यांच्या गटाला 1980 च्या दशकातच परिचयाचा होता. पाण्यात हे संकुल जवळजवळ अंधारं असतं, कारण त्या लिगँडच्या टोकाकडचे नायट्रोजन अणू पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात आणि घेतलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णता होऊन निघून जाते. डीएनए मिळाला की लिगँड त्याच्या बेस-जोड्यांमध्ये घुसतो, पाण्यापासून आडोसा मिळतो आणि प्रकाश दहा हजार पटींहून अधिक वाढतो. इतका स्वच्छ संकेत रसायनशास्त्रात क्वचित मिळतो.

पण सगळी संकुलं इतकी सरळ नसतात. डीपीपीझेडच्या आधी ज्याच्यावर भरपूर काम झालं होतं, ते तीन फेनँथ्रोलिनवालं संकुल पाण्यातही चमकतं. डीएनए आला की थोडं जास्त, एवढंच. 1985 मध्ये सी. व्ही. कुमार, बार्टन आणि टुरो यांनी त्याच्या प्रकाशाचा टिकण्याचा काळ मोजून सांगितलं की ते दोन तऱ्हांनी बसतं, काही जोड्यांच्या मध्ये घुसून आणि काही पृष्ठभागावर. अनेकांनी ते गृहीत धरलं. मग 1992 मध्ये सत्यनारायण, डाब्रोवियाक आणि चेअर्स यांनी एक अगदी जुनं उपकरण हाती घेतलं: काचेचा व्हिस्कोमीटर.

त्यामागचा विचार मला आजही फार देखणा वाटतो. डीएनए हा जिना मानला आणि दोन पायऱ्यांमध्ये एक जास्तीची पायरी घुसवली, तर जिन्याची लांबी वाढणारच. लांब रेणूंचं द्रावण दाट होतं, केशनलिकेतून उतरायला जास्त वेळ घेतं. म्हणजे खरोखर आत घुसलं असेल, तर घड्याळ ते सांगेल. या संकुलाच्या डाव्या-उजव्या दोन्ही रूपांबाबत ती वाढ दिसलीच नाही. त्यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की यातलं कुठलंही रूप पारंपरिक अर्थाने जोड्यांमध्ये घुसत नाही.

म्हणून या विषयातल्या प्रयोगशाळेत महागड्या स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरइतकाच मान त्या काचेच्या नळीला असतो. तिची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला डीएनए कापसासारखे तंतू म्हणून येतो, आणि तो ढवळून विरघळवला तर तुटतो. बफरमध्ये टाकून शीतकपाटात रात्रभर मुरू द्यावा लागतो. सकाळी 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर 1.8 ते 1.9 आलं, म्हणजे प्रथिनं जवळजवळ निघालेली आहेत. मग व्हिस्कोमीटर पाण्याच्या स्थिर तापमानाच्या टाकीत उभा करायचा आणि एकाने स्टॉपवॉच घेऊन बसायचं. त्या माणसाशी कुणी बोलत नाही. फोन खोलीबाहेर. एकच वाचन पुन:पुन्हा, आकडे जुळेपर्यंत.

पुण्यातलं एक काम मला याच कारणाने जवळचं आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या मेघा देशपांडे, अनुपा कुंभार आणि अविनाश कुंभार यांनी बायपिरिडीन-ग्लायकोल्युरिल या लिगँडची रुथेनियम संकुलं घेऊन डीएनएशी त्यांचं नातं तपासलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखावर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले मनोज कुंभकार आणि हरिदास पाल आहेत, आणि पुण्याच्या सी-डॅकमधले उद्धवेश सोनवणे आणि राजेंद्र जोशीही. एका प्रश्नासाठी रसायनशाळा, प्रकाशमापन आणि संगणक एकत्र आले. एकट्या प्रकाशावर भिस्त ठेवायची नाही, हे शहाणपण त्या लेखकांच्या यादीतच दिसतं.

डीपीपीझेडचा वादही प्रकाशाने मिटला नाही. ते डीएनएच्या रुंद खोबणीतून शिरतं की अरुंद, यावर वर्षानुवर्षं लेखाला लेख उत्तर देत राहिले. बार्टन यांच्या गटाने रुंद खोबणीची बाजू मांडली होती. 2012 मध्ये स्फटिकांच्या क्ष-किरण रचना मांडणारे दोन लेख एकाच नियतकालिकात आले, एक इंग्लंडमधल्या रेडिंगहून आणि दुसरा खुद्द बार्टन यांच्या गटाचा. दोन्हींत अरुंद खोबणी. आपल्याच जुन्या मताविरुद्धचा पुरावा स्वतः छापणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

हे सगळं रोजच्या आयुष्यापासून फार लांबचं वाटेल, पण तसं नाही. पेणला रक्त देऊन आलेल्या आमच्या काकूंच्या थायरॉइडच्या रिपोर्टवर ‘ईसीएलआयए’ अशी अक्षरं होती. त्या पद्धतीतही रुथेनियमच उजेड देतो, फक्त इथे तो स्वतः चिकटत नाही. प्रतिपिंडाला बांधलेला असतो आणि विद्युतअग्राजवळ ट्रायप्रोपिलअमाइनच्या सोबतीने 620 नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. प्रतिपिंडाची जोडगोळी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या पकडीने चुंबकी मण्याला धरून ठेवलेली असते.

“केसांच्या गोळ्या चालू आहेत, त्या पण सांगायच्या का?” काकूंनी विचारलं.

“त्याच आधी सांगा, काकू.”

केसांच्या अनेक गोळ्यांत 5 किंवा 10 मिलिग्रॅम बायोटिन असतं. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये आहे. जास्तीचं बायोटिन मण्यावरच्या जागा अडवतं, प्रतिपिंड धुऊन जातं आणि उजेड कमी पडतो. टीएसएच चाचणीत कमी उजेड म्हणजे आकडा खोटा कमी; फ्री टी-4 मध्ये गणित उलटं, तिथे आकडा खोटा जास्त. दोन्ही मिळून थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र तयार होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. काही नव्या किट्स बायोटिनला बऱ्याच अंशी पुरून उरतात, पण आपलं रक्त कुठल्या किटवर तपासलं जाईल हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून डॉक्टरांना विचारून चाचणीच्या निदान दोन दिवस आधी गोळी थांबवावी, आणि रक्त घेणाऱ्यालाही तिचं नाव सांगावं.