धुराचा हिशेब

घरातील केर आपण रोज काढतो. पण श्वासाबरोबर जी धूळ छातीत जाते, तिचा हिशेब कोण ठेवतो? हा हिशेब का ठेवावा, हे लंडन शहराने फार मोठी किंमत देऊन जगाला शिकविले.

५ डिसेंबर १९५२ रोजी त्या शहरावर दाट धुके उतरले. वारा पडला होता. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर झाकणासारखी उबदार हवा, अशी स्थिती झाल्यामुळे घरोघरच्या शेगड्यांतील व वीजघरांतील दगडी कोळशाचा धूर वर जाईना. पाच दिवस असेच गेले. लंडनकरांना धुके नवे नव्हते. त्यामुळे अनर्थाची कल्पना प्रथम फारशी कोणास आली नाही. पुढे मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४००० माणसे अधिक दगावल्याचे आढळले. हा आकडा १२,००० पर्यंत जातो, असे नंतरच्या काही संशोधकांचे मत आहे. मृतांत वृद्ध, तान्ही मुले आणि छातीचे विकार असलेले यांचा भरणा होता.

हे धुराने घडले, हे कशावरून? त्या शहरात धूर मोजण्याची सोय पूर्वीपासून होती. हवा पांढऱ्या गाळणकागदातून ओढावयाची व डागाचा काळेपणा पाहावयाचा. गंधकाच्या वायूसाठी तीच हवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणातून नेऊन त्यात उतरलेले आम्ल मोजावयाचे. ही मापे आणि रोजचे मृत्यू शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दोन्ही रेषा बरोबरच चढलेल्या दिसल्या. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

आपल्याकडे असा कायदा १९८१ साली झाला. आता यंत्रे अडीच मायक्रॉन व त्याहून लहान कण मोजतात. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण फुप्फुसांत खोलवर शिरतात आणि दम्याबरोबर हृदयविकारही बळावतो. एका घनमीटर हवेत त्यांची चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, असे आपले मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ सांगितली.

यंत्राने हवा शुद्ध होत नाही, हे खरे. ज्वरमापकानेही ताप उतरत नाही. पण ताप किती हे कळल्यावाचून उपचारास दिशा मिळत नाही. आपल्या गावचा आकडा प्रसिद्ध होत असेल, तर तो रोज पाहावा. तो वाईट असेल त्या दिवशी वृद्धांनी पहाटे फिरावयास जाऊ नये. पालापाचोळा तर कधीच पेटवू नये. आणि गावात यंत्रच नसेल, तर नगरपालिकेकडे ते अवश्य मागावे. कारण न मोजलेल्या धुराची तक्रार सहसा कोणी ऐकत नाही.