दया आणि आपलेपणा : ज्याँ व्हालज्याँच्या चरित्रातील दोन टप्पे

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (१८६२) या कादंबरीत वाचकाचे लक्ष प्रथम बिशप मिरिएलच्या क्षमेवर खिळते, हे स्वाभाविक आहे. तथापि ज्याँ व्हालज्याँचे परिवर्तन त्या एका प्रसंगाने पूर्ण होते काय, हा प्रश्न विचारार्ह आहे.

पाव चोरल्याबद्दल झालेली पाच वर्षांची शिक्षा पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे एकोणीस वर्षांवर जाते. १८१५ मध्ये सुटलेल्या व्हालज्याँजवळ कैद्याचा पिवळा परवाना असतो. दीन्य गावी त्याला खाणावळीत जागा नाही. कुत्र्याच्या खोपटातूनही त्यास बाहेर पडावे लागते. बिशप मात्र त्याला जेवावयास बसवितो, आणि त्याने चोरलेली चांदीची भांडी त्यालाच देऊन वर दोन दीपदानेही देतो.

या दयेने व्हालज्याँ सज्जन होतो. परंतु तो कोणाचा होत नाही. मादलेन या नावाने तो कारखानदार व नगराध्यक्ष होतो, अनेकांना पोसतो, तरी एकाकीच राहतो. पूर्वी बहिणीची सात मुले त्याने पोसली होती, पण कर्तव्य म्हणून. १८२३ च्या नाताळाच्या आदल्या रात्री मोंफर्मेयच्या रानात आठ वर्षांच्या कोझेतच्या हातची जड बादली तो उचलतो, तेथून हे पालटते. पंचावन्न वर्षांच्या या माणसाने तोवर कशावरही प्रेम केले नव्हते, असे ह्यूगो स्पष्ट सांगतो. दया देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. आपलेपणा उभयपक्षी असतो. कोझेतला आधार हवा असतो, आणि व्हालज्याँला आपली गरज असणारे कोणी.

खरा पेच मात्र येथूनच निर्माण होतो. हा आपलेपणा उसन्या नावावर उभा आहे. १८३३ मध्ये कोझेतच्या विवाहानंतर व्हालज्याँ जावई मारियुसला आपला पूर्वेतिहास सांगतो. मौन राखले असते, तर त्या घरातील त्याचे स्थान अबाधित राहिले असते. पण केवळ आसरा त्याला पुरेसा नाही. स्वतःच्या नावानिशी न मिळालेले स्थान त्याला चोरीच वाटते. मारियुस त्याला हळूहळू दुरावतो. आपले प्राण यानेच वाचविले होते हे कळल्यावर तो कोझेतसह धावत येतो, तेव्हा व्हालज्याँ मृत्युशय्येवर असतो आणि बिशपची दीपदाने जवळ तेवत असतात.

सारांश, क्षमा हा या चरित्राचा आरंभ होय. त्याची परिणती सत्य कळूनही टिकलेल्या प्रेमात आहे. म्हणूनच अखेरीस त्याच्या थडग्यावर नाव नसले, तरी वाचकास ती उणीव भासत नाही.