शरीरातील घड्याळ आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

१९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गळीत सुरू झाले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी रात्रपाळी अनुभवली आहे. रात्री जागून दिवसा झोपणे शरीराला मानवते काय, या प्रश्नाचा विचार आज विज्ञान थेट पेशीपर्यंत जाऊन करीत आहे.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चोवीस तासांचे एक घड्याळ असते. क्लॉक व बीमॅल-१ ही दोन प्रथिने पर आणि क्राय या जनुकांना कामाला लावतात. त्यांच्यापासून तयार झालेली प्रथिने पुरेशी साठली की ती उलट क्लॉक व बीमॅल-१ यांनाच थांबवतात. पुढे ती झिजतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. टाकी भरताच पाणी बंद करणारा आणि पातळी उतरताच ते सोडणारा बॉलकॉक असेच काम करतो. फळमाशीवर संशोधन करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराच्या मागे असलेले स्वादुपिंड पाचकरस व इन्सुलिन तयार करते. त्यालाही स्वतःचे घड्याळ आहे. उंदरांच्या स्वादुपिंडातील हे घड्याळ बिघडवले असता त्यांना मधुमेह होतो, असे २०१० साली दिसून आले. २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी मानवी नमुने तपासले. निरोगी स्वादुपिंडात घड्याळ नियमित चालत होते, कर्करोगाच्या गाठीत मात्र त्याची लय हरवली होती. उंदरांतील कर्करोगपेशींतून बीमॅल-१ काढून टाकल्यावर गाठ अधिक वेगाने वाढली व औषधांना कमी दाद देऊ लागली.

मग रात्रपाळी करणाऱ्याने घाबरावे काय? नाही. जनुक काढून टाकणे वेगळे आणि रात्री जागणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. परंतु त्यामागील पुरावा मुख्यतः स्तन, प्रोस्टेट व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आहे. स्वादुपिंडाबाबत तसे सिद्ध झालेले नाही.

सिद्ध झाले आहे ते धूम्रपानाचे. झोप उडावी म्हणून ओढलेली बिडी ही रात्रीपेक्षा अधिक खात्रीचा शत्रू आहे. लठ्ठपणा, जुना मधुमेह व स्वादुपिंडाची दीर्घकाळची सूज यांनीही धोका वाढतो. हा रोग बहुधा उशिरा कळतो. म्हणून कावीळ, विनाकारण घटणारे वजन, पोटातून पाठीकडे जाणारी कळ किंवा पन्नाशीनंतर अचानक जडलेला मधुमेह दिसल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.

कारखान्याची पाळी बदलणे प्रत्येकाच्या हाती नसते. परंतु बिडी सोडणे त्याच्या हाती आहे. आणि रात्र जागून आलेल्या माणसाला दिवसा अंधारी खोली व शांत झोप देणे घरच्यांच्या हाती आहे. विद्यार्थी मित्रांनी एवढे जरी घरी समजावून सांगितले, तरी पुष्कळ साधेल.