प्रश्नपत्रिका समान, पण कान?

चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या ‘गाओकाओ’ परीक्षेत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे. नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत वाचनाला ५०, तर ऐकून उत्तरे देण्याला ३० गुण. पहिले पाच संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा. त्या वेळी अनेक शहरांत बांधकामे थांबतात, विमानांच्या वेळाही बदलतात. ही शांतता सर्वांना समान!

पण कान समान आहेत काय? वाचन पुस्तकावरून खेड्यातही साधता येते. ऐकण्याला मात्र अस्खलित बोलणारा शिक्षक आणि रोजचा सराव लागतो. तो शहरातल्या मुलाच्या वाट्याला अधिक येतो.

म्हणून आम्ही म्हणतो, समान प्रश्नपत्रिका म्हणजे समान संधी नव्हे. गुणवत्ता मोजण्याआधी ती घडवण्याची साधने समान वाटा!