सातबारा दिसतो सर्वांना, बदलतो कोण?

शिक्रापूर असो की यवत, जमिनीच्या वादात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तलाठ्याने संगणकावर बसून नाव उडवलं.’ हा समज चुकीचा आहे. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, ई-फेरफार प्रणालीत नोंद धरतो. ती प्रमाणित करण्याचा अधिकार त्याला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग वाद नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. म्हणून शिरूर-दौंडच्या खातेदारांनी नोटीस मिळताच हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तो कागद फार मोलाचा.

‘सातबारा ऑनलाइन सगळ्यांना दिसतो, म्हणजे कुणीही बदलेल’ ही भीतीही निराधार. रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांत (टेबलांत) माहिती ठेवणाऱ्या प्रणालीत, वाचणं (सिलेक्ट), भर घालणं (इन्सर्ट), बदलणं (अपडेट) आणि काढणं (डिलीट) या परवानग्या वेगवेगळ्या असतात. नागरिकाला पहिली पुरते.

परवानगी माणसागणिक वाटायची, असंही अनेकांना वाटतं. खरं तर ती ‘रोल’ला, म्हणजे पदाला द्यावी आणि माणसाला त्या पदावर बसवावं. बदली झाली की रोल काढून घ्यायचा. मात्र रोल दिला म्हणजे गावाची हद्द आपोआप आखली गेली, असं नाही. टेबलावरची अपडेटची परवानगी एरवी सगळ्याच ओळींना लागू होते. पाटस सजाच्या तलाठ्याने वरवंडच्या गटाला हात लावू नये, यासाठी ओळींवर वेगळं बंधन हवं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे. सुपरयूझर, म्हणजे सर्वाधिकारी खातं, मात्र ते बंधनही ओलांडतं, म्हणून ते खातं रोजच्या कामाला वापरूच नये.

‘रिव्होक केलं, म्हणजे परवानगी काढली, विषय संपला’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. थेट दिलेली परवानगी काढली, तरी तीच एखाद्या रोलमधून किंवा सर्वांसाठीच्या ‘पब्लिक’मधून मिळत असेल तर ती चालूच राहते. प्रत्येक वाट तपासावी लागते.

आणि पासवर्ड? ‘मदतनीसाला दिला तर काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: बटण कुणीही दाबो, लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, नाव खातं ज्याचं त्याचंच उमटतं.